देवाचा एडका आणि नास्तिक जावई

बाळासोच्या लेकीच्या, मायाक्काच्या लग्नातले रुसवेफुगवे अजून पुरते विरले नव्हते, तोच बिरोबाचा एडका नाहीसा झाला आणि त्याच्या घराला दुसरी साडेसाती लागली. पहिली साडेसाती म्हणजे जावई. धोंडीराम कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. अंगाने काटक, बोलायला मऊ. दारू नाही, विडी नाही, शिवी नाही. असा जावई मिळाल्यावर माणसाने देवापुढे नारळ फोडावा, पण हा जावई म्हणे की देवच नाही. रात्रशाळेत चार बुके शिकला, गिरणीच्या फाटकापुढची भाषणे ऐकली आणि गेल्या दिवाळसणाला सासुरवाडीत जेवता जेवता त्याने हे सांगून टाकले. सांगितले तेही जरा मीठ वाढा म्हणावे तसे. सासूची, केराबाईची, भाकरी तव्यावरच करपली.

तेव्हापासून बाळासो भावकीत तोंड लपवून हिंडत होता. सोलापुरातल्या चाळी जिथे संपतात आणि माळ सुरू होतो, तिथे त्याचे घर, घराला लागून मेंढरांचा वाडा आणि वाड्याला लागून बिरोबाचे देऊळ. देवाची पूजा त्याच्या बापापासून घरात चालत आलेली. पुजाऱ्याच्याच घरात असा जावई निघाला म्हटल्यावर लोक काय सोडतात होय! पाणवठ्यापासून खाटकाच्या दुकानापर्यंत सगळ्यांच्या तोंडाला खाद्य मिळाले.

आणि आता हा एडका. बाळासोचा धाकटा भाऊ धुळा तापाने फणफणला होता, तेव्हा नवस बोलून देवाला सोडलेला. चांगला वासरासारखा दांडगा, शिंगे दोन वेटोळ्यांची, कपाळाला कायम भंडारा. देवाचा म्हणून कुणाच्या दारात शिरला तरी कुणी हाकलायचे नाही. उलट बायका सुपातले धान्य पुढे करायच्या. असला लाडका एडका मंगळवारी बाजाराच्या दिवशी गडप झाला, आणि संध्याकाळी बाळासोनेच दारातून बोंब ठोकली, "देवाचा एडका चोरीला गेला वो!"

चोर घरचाच असणार हे सर्वांनी एकमताने ठरवले. परक्या माणसाच्या मागून तो एडका चार पावलेसुद्धा जात नसे. म्हणून रविवारी, गिरण्यांना सुट्टी बघून, सगळा गोतावळा देवळापुढच्या लिंबाखाली जमला. अक्कलकोटाकडच्या सिद्रामप्पाला बोलावणे धाडले होते. म्हातारा नात्याने लांबचा चुलता, पण पंच म्हणून त्याचा शब्द चालायचा. निम्मे मराठी, निम्मे कानडी बोलायचा आणि दोन्हीत दरडावायचा.

"बेल-भंडार उचला," सिद्रामप्पा म्हणाला. "येकायेकानं. मात बेडा, बोलनं नको."

हातावर बेलाचे पान, पानावर चिमूटभर देवाची हळद आणि तोंडाने 'मी हे केलं नाही'. खोटे उचलणाऱ्याचे वर्षाच्या आत वाटोळे होते. भावकीत याच्याहून मोठे कोर्ट नव्हते आणि याच्यावर अपीलही नव्हते.

त्या गोतावळ्यात एडका कुणी नेला हे एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तोच माणूस भंडाऱ्याचे ताट धरून बसला होता.

बाळासो चोर नव्हता. तो स्वतःला तरी असेच सांगत होता. झाले एवढेच की कोंडीबा गवळ्याने त्याला हॉटेलात सगळ्यांच्या देखत डिवचले होते. कोंडीबाचा काळा एडका टकरीत नाव काढून होता. तो म्हणाला, "तुमचा एडका देवाच्या नावावर बसून खानारा. भटाच्या पोरावानी सुटलाय. त्याला टक्कर काय ठावं?" बाळासोला हे झोंबले. देवाच्या एडक्याला कुणी नाव ठेवावे म्हणजे काय! मंगळवारी त्याने एडका तलावापलीकडच्या मैदानात नेला. जाण्याआधी त्याच्या कपाळाचा भंडारा चिंच लावून खसखसून धुतला, म्हणजे तेवढ्यापुरता तो देवाचा नव्हता. स्वतःच्या तोंडाला पटक्याचा शेव गुंडाळला.

पहिल्या टकरीला खाड्कन आवाज आला आणि बाळासोची छाती फुगली. दुसऱ्या टकरीला एडक्याने डोके झाडले. तिसऱ्या टकरीला त्याने काळ्याकडे बघितले, बाळासोकडे बघितले आणि शेपूट फिरवून जो सुटला, तो एका कासारणीच्या बांगड्यांतून, भज्यांच्या कढईवरून उडी मारून थेट मालधक्क्याकडे. बाळासो दिवस मावळेपर्यंत रुळाच्या कडेने "च्या च्या" करत फिरला. मग घरी येऊन काय सांगावे याचा विचार करत होता, तेवढ्यात केराबाईने विचारले, "एडका कुटं दिसंना?" आणि विचार पुरा व्हायच्या आत तोंडातून बोंब निघून गेली.

आता शपथेचे शब्द बाळासोनेच बांधून दिले होते. पुजारी तोच, ताट त्याचे, त्याला कोण विचारणार? "मी देवाचा एडका इकला न्हाय, कापला न्हाय, खाल्ला न्हाय, कुनाला दिला न्हाय." चारही गोष्टी खऱ्या. पाच रात्री जागून त्याने हे शब्द जुळवले होते आणि त्यांत देवालासुद्धा बोट घालायला जागा ठेवली नव्हती.

पहिल्यांदा धुळाने उचलले. त्याने हात वर केला तशी त्यांची थोरली बहीण चिमाबाई खाकरली. विधवा झाल्यापासून ती माहेरीच होती आणि माहेरातल्या प्रत्येकाच्या खोड्या तिला पाठ होत्या.

"शिंदी प्यायची सोडली म्हनून बी ह्यानं भंडार उचलला व्हता," ती म्हणाली.

"सोडली व्हतीच की!" धुळा म्हणाला. "त्या दिवशी दुपारपातूर."

"मग वाटुळं का न्हाय झालं तुजं?"

"ताप आला व्हता तो कशाचा मग? आन त्याचाच एडका सोडला की देवाला. फिट्टंफाट."

सिद्रामप्पाने काठी आपटली. एकेकाने भंडार उचलला. बाळासोने उचलला तेव्हा त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. घाम तेवढा आला, पण तो उन्हाचा असेल. शेवटी ताट धोंडीरामापुढे आले आणि त्याने हात मांडीवरच ठेवले.

"मी एडका न्हेला न्हाय," धोंडीराम म्हणाला. "माजा शबुद घ्या. भंडार मी उचलनार न्हाय."

 लिंबाखाली सगळे एकदम बोलू लागले.

"बगा! म्या काय म्हनलं व्हतं!" धुळा उठून उभा राहिला. "ज्याला देव न्हाय त्याला कशाचं भ्या? आज एडका, उद्या आमच्या बायकांच्या गळ्यातलं डोरलं!"

"तुज्या बायकूच्या गळ्यात डोरलं हाय कुटं? तूच मोडलंस की," चिमाबाई म्हणाली.

"आप्पा, हिला गप बसवा!"

सिद्रामप्पाने कुणालाच गप्प बसवले नाही. तो धोंडीरामाकडे टक लावून बघत होता. "अरं पोरा, तू चोरी केली न्हाईस, तर उचलाय काय हुतंय? ह्यांनी सगळ्यांनी उचलला की."

"आप्पा, हेंचा त्याच्यावर इस्वास हाय. माजा न्हाय. माज्यासाठनं ते पान आन हळद हाय. मी उचलला, तर तुमी म्हननार, ह्यानं एवडी मोटी शपत घेतली. आन मला ठावं असनार की आपुन काय बी घेतलं न्हाय. म्हंजी मी तुमाला फसीवलंच की."

सिद्रामप्पाला हे पहिल्या झटक्यात कळले नाही. दुसऱ्या झटक्यात कळले आणि राग आला. "मग तुला धरून ठेवतंय कोन? आमाला देव बघतोय. वर बसून येकयेक मोजतोय. तू अंधारात येकटा असलास, फुडं परक्याचं सोनं पडलंय, तर तुला कुनाचं भ्या?"

धोंडीरामाने जरा विचार केला. "मायाक्काचं," तो म्हणाला.

बायकांच्या घोळक्यात खसखस पिकली. मायाक्काने पदर तोंडात कोंबला.

"हसू नगा. रोज सांजचं घरला गेल्यावर तिच्या फुडं बसून भाकर खायाची असती. चोरी केल्यावर ती भाकर गळ्याखाली उतरंल का? देवाचं काय, तो जेवाय शेजारी बसत न्हाय."

"पर बायकूला नारळ देऊन गप करता येत न्हाय, हे मातर खरं हाय," चिमाबाई म्हणाली. इतका वेळ ती कुणाच्याच बाजूची नव्हती. आता ती पाटावरून तसूभर जावयाच्या बाजूला सरकली.

बाळासोला मात्र घाई झाली होती. जावयाने एकदा भंडार उचलला असता, तर सगळेच निर्दोष ठरले असते. चोर परका, एडका नशिबाचा आणि प्रकरण बंद. एवढ्या सोन्यासारख्या योजनेत हा नास्तिक आडवा पडला होता. बाळासो ताट खाली ठेवून गरजला, "आप्पा, देवाचं भ्या न्हाय तितं नीत कसली? भ्या हाय म्हनून मानूस मानूस हाय! न्हायतर लांडगं!" बोलता बोलता त्याचा स्वतःच्या बोलण्यावरच विश्वास बसत चालला. मग तो म्हणाला, "मला जरा पावन्यासंगं बोलू द्या. मी समजावतो."

सिद्रामप्पाने पान लावायला घेतले. तेवढीच सवड मिळाली.

देवळाच्या मागच्या अंगाला बाभळीची पातळ सावली होती. बाळासोने जावयाचा हात धरला. "जावई, हट करू नगा. चिमटीभर हळद उचलायला काय जड हाय? तुमचा इस्वास न्हाय, तर तुमाला पाप बी न्हाय. सोपं हाय की!"

"मामा, पाप न्हाय म्हनूनच जड हाय," धोंडीराम म्हणाला.

"अवो, पोरीचा तरी इचार करा! आप्पानं निकाल दिला की, मायाक्काला हितंच ठिवून घेतील. चोराच्या घरी लेक नांदवायची न्हाय, असं ठरलंय. मग काय करशीला?"

 धोंडीराम मऊ आवाजातच म्हणाला, "मामा, मंगळवारी माजी दुसरी पाळी व्हती. सकाळच्या पारी मी तलावापलीकडं गेलतो. टक्कर बगाय."

बाळासोने त्याचा हात सोडला.

"तोंडाला पटका बांदला व्हता तुमी. पर 'च्या च्या' असं हाकारनारं सोलापुरात दुसरं कोन हाय?"

 देवाने बघितले असेल हे बाळासोने गृहीत धरलेच होते. देवाचा बंदोबस्त त्याने चार शब्दांत केला होता आणि वर पाच नारळ मनातल्या मनात बोलला होता. पण ह्याने बघितले? "मग... मग बोलला का न्हाय मगाशी? आप्पा तुमाला चोर म्हनत्यात आन तुमी..."

"मी काय सांगू? माज्या सासऱ्यानं देवाचा एडका टकरीत पळवला आन भंडार उचलून लपवला? मायाक्काला बापाकडं मान वर करून बगता याया नगं? ते तुमचं तुमी सांगा, न्हायतर सांगू नगा. मी सांगनार न्हाय."

"कुनाला बी?"

"कुनाला बी. मायाक्काला बी न्हाय."

"शपत?" बाळासोच्या तोंडून सवयीने गेले.

धोंडीराम हसला. "शबुद," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

बाळासो बाभळीखाली उभाच राहिला. शपथ असती तर त्याला लगेच शंका आली असती. शपथा कशा वाकवतात ते त्याला पक्के ठाऊक होते. पण ह्या शब्दावर त्याचा ताबडतोब विश्वास बसला, आणि हेच त्याला फार लागले.

ते परत आले तेव्हा सिद्रामप्पाचे पान रंगले होते. "उचलतोस?"

"न्हाय, आप्पा."

"मग आयतु. झालं." म्हातारा पिचकारी मारून उठला. "सगळ्यांनी उचलला, ह्यानं उचलला न्हाय. म्हंजी एडका ह्यानंच न्हेला. आजपासनं ह्या घरचं पानी ह्याला बंद. लेक हितं ऱ्हाईल. देवाची माफी मागून भंडार उचलंल तवा घिऊन जावं."

केराबाई रडायला लागली. धुळा "असंच पायजे!" म्हणाला खरा, पण मायाक्का उठल्याबरोबर तोही दचकला.  ती घरात गेली, आपले लुगड्यांचे गाठोडे घेऊन आली आणि नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"कुटं निगालीस?" केराबाई ओरडली.

"माज्या घरला."

"पोरी, ह्या उंबऱ्याबाहीर पाय टाकलास तर परत येता यायचं न्हाय! बाळतपनाला कोन करंल तुजं?"

 "आये, ह्येंनी चोरी केली न्हाय. मला ठावं हाय."

"कशावरनं?"

"ह्ये म्हनलं म्हनून."

मग ती बापाकडे वळली. "आबा, तुमी तरी सांगा की आप्पांना. मगाशी तुमी येकटं बोललासा ह्येंच्यासंगं. तुमाला काय वाटतं, ह्येंनी न्हेला?"

बाळासोने देवळाकडे बघितले. बिरोबा गाभाऱ्यात नेहमीसारखा बसला होता. चार खऱ्या शब्दांवर समाधान मानून, पाच नारळांची वाट बघत, गप्प. मग त्याने जावयाकडे बघितले. तोही गप्प. त्याच्या डोळ्यांत धमकी नव्हती, राग नव्हता, आणि मुख्य म्हणजे नारळाची अपेक्षा नव्हती. तो नुसता गाठोडे मायाक्काच्या हातातून आपल्या हातात घेत होता, तिला ओझे नको म्हणून. देवाची गप्पगिरी बाळासोने पन्नास वर्षे सहज सोसली होती. ही त्याला क्षणभरही सोसवेना.

"एडका मी न्हेला," तो म्हणाला.

"आँ?" सिद्रामप्पाने कानामागे हात धरला.

"मी न्हेला! टकरीला! कोंडीबा गवळ्याच्या काळ्यासंगं लावला!" आता धरण फुटले होते. भंडारा धुतला ते, पटका बांधला ते, शपथेचे शब्द मोजून मापून बांधले ते, सगळे त्याने भडाभडा ओकून टाकले. सांगता सांगता त्याला रडू आले आणि रडता रडता फार हलके वाटले. संपल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला. आता दगड पडतील, की नुसत्या शिव्या, याची वाट बघत.

 सिद्रामप्पा काठी टेकत पुढे आला.

"मग? जिकला का?"

"क-काय?"

"टक्कर रे! कोन जिकलं?"

 "पळाला."

"कोन पळाला? काळा?"

"आपला."

आता मात्र खरा हाहाकार उडाला. चोरीने जे झाले नव्हते ते ह्याने झाले. धुळाने कपाळावर हात मारला. "बिरुबाचा एडका! गवळ्याच्या एडक्याला भिऊन पळाला! दादा, अरं सांगायचं कशाला? चोरीलाच गेला असंच ऱ्हाऊ द्यायचं व्हतं की!" दोघे-तिघे माना डोलावून खरेच म्हणाले, चोरीच बरी होती. एका म्हाताऱ्याने तर अजूनही चोरीच ठरवता येईल का म्हणून हळूच सुचवून पाहिले. चिमाबाई मात्र हसत सुटली. हसता हसता पाटावरून कलंडली.

केराबाईने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे असे बघितले, की बाळासोला पंचांची शिक्षा क्षुल्लक वाटू लागली. "अवो, पाच रातीत मला येकदा तरी सांगायचं!" ती म्हणाली.  मायाक्का बापाकडे बघत होती. त्या नजरेत राग होता, लाज होती. पण मान वर होती. बाळासोने तेवढे पाहून घेतले.

सिद्रामप्पाने खूप वेळ मिशा कुरवाळल्या. त्याचा निकाल उलटा पडला होता, आणि पंचाला ते बरे वाटत नाही. जावयाला चोर म्हणून मोकळा झालेला. आता ते शब्द गिळायचे तर आधी पक्की खात्री पाहिजे. कुणास ठाऊक, सासरा पोरीच्या मायेपोटी जावयाचे पाप आपल्या अंगावर घेत असेल! त्याने जमिनीवरचे ताट उचलले आणि बाळासोपुढे धरले.

"आता सांगितलंस ते खरं हाय, म्हनून उचल भंडार."

बाळासोचा हात जन्माच्या सवयीने पुढे गेला. बेलाचे पान बोटांना लागले. भंडाऱ्याचा ओळखीचा वास आला, बापाच्या हाताला यायचा तोच. याच हाताने त्याने सकाळी हाच भंडार उचलला होता आणि त्या वेळी त्याचा शब्दन् शब्द खरा होता.

त्याने हात मागे घेतला.

"न्हाय उचलत, आप्पा."

"काय म्हनालास?"

"तसंच घ्या. खरं हाय ते."

"झालं!" धुळा ओरडला. "जावयाचं वारं लागलं! ह्यो बी गेला! पुजारीच नास्तिक झाला!"

"गप रं," बाळासो म्हणाला. त्याचा आवाज सकाळसारखा खणखणीत नव्हता. घोगरा होता, पण लटपटत नव्हता. "माजा देवावर इस्वास हाय. सकाळी व्हता, आता बी हाय. माज्यावर तुमचा बसतो का, तेवडं तुमी बगा."

सिद्रामप्पा ताट धरून तसाच उभा राहिला. भंडारा वाऱ्याने त्याच्या धोतरावर उडत होता. त्याने बाळासोच्या तोंडाकडे बघितले, खूप वेळ बघितले. जन्मात पहिल्यांदाच त्याला ताटाऐवजी माणसाच्या तोंडाकडे बघून निकाल द्यायचा होता आणि ते काम त्याला भलतेच अवघड जात होते.